खोक्यावरचा बोर्ड

पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो.
पुन्हा तेच. पडदा काळा.
कस्तुरी म्हणते, बाबा, बासष्ट हजार गेले.
मी म्हणतो, आधी पाणी पी.

ऐरोली, सेक्टर तीन, रात्रीचे पावणेबारा.
रबाळ्याच्या प्रेसशॉपमध्ये मी तीस वर्षं वायरमन,
या काळ्या पाटीतलं मला ओ की ठो कळत नाही.
पण बंद पडलेली वस्तू ओळखीची असते.

काढ सगळं, म्हटलं. ज्याच्यावाचून अडत नाही ते सगळं.
ग्राफिक कार्ड निघालं, डिस्क निघाली,
रॅमची एकच पट्टी उरली, ती शेजारच्या खाचेत गेली.
प्रोसेसरची वेगळी वायर लावलीस ना?
दोनदा विचारलं, तर चिडली.
पंखा गिरकी घेऊन गप्प.

मग अख्खा बोर्डच उचलला,
त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर निजवला,
आणि रिकाम्या कॅबिनेटमध्ये मी टॉर्च मारला:
पितळेचा एक खुंट,
जिथे बोर्डाला भोकच नाही तिथे उभा.
पाठीत रुतत होता.
आमच्या पॅनेलमध्ये असाच एक वॉशर निघाला होता,
रात्रपाळी पुरती झोपवून.

दोन पिना तिने स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या.
पंखा फिरला. फिरतच राहिला.
बटणाएवढा स्पीकर, तो वाजला म्हणे,
एकदाच, बारीक.
बारीक आवाज माझे प्रेसने कधीच नेले.
मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.
ऐकलंस?
हो, म्हटलं,
आणि पक्कड घेऊन खुंट सोडवायला बसलो.