रात्रपाळी, नळकांडं क्रमांक चार

विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत
पुरुषभर उंचीचं एक नळकांडं.
आत शाडू, पाणी, चिमूटभर मीठ,
श्रीखंडापेक्षा सैल, पिठल्याहून घट्ट.
ऐनापुरे मॅडम म्हणतात, हा खोटा गाळ.
खरा कुठल्याशा पोलादी टाकीत आहे
आणि त्यात हात घालायची
कुणाची टाप नाही.

म्हणून शाडू. म्हणून युरेनियमच्या जागी
टंगस्टनचा चुरा, रव्याहून बारीक,
पण मूठभर उचलला तर मनगट वाकतं.

माझं काम एवढंच:
दर तासाला पाच तोट्यांतून चमचा-चमचा काढायचं,
भट्टीत वाळवायचं, तोलायचं, वहीत लिहायचं.
जड ते खाली जाणारच, त्यात शिकायचं काय?
पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, थांब थोडा.

सोळा रात्री झाल्या.
पाचही तोट्यांना तेच वजन.
एवढा जड कण, आणि गाळाने
धरून ठेवलाय अधांतरी,
जिथल्या तिथं.

मग शुक्रवारी त्यांनी पंप लावला.
दहा मिनिटं नुसतं ढवळलं,
आणि तळाची तोटी पहाटेपर्यंत
दुपटीने जड.
टाकी कधीतरी उपसावीच लागेल, त्या म्हणाल्या,
उपसायची तर ढवळावी लागेल,
आणि हे सगळे एका कोपऱ्यात जमले तर...
पुढचं त्यांनी खडूने फळ्यावर लिहिलं,
आणि लगेच पुसलं.

हरिपूरला आमचं पेव होतं.
अण्णा उतरायच्या आधी
दोरीला कंदील बांधून सोडायचे.
ज्योत मिणमिणली की कुणी उतरायचं नाही,
हळदीचा भाव कितीही चढलेला असो.
पुराचं पाणी पेवात शिरलं त्या वर्षी
ओसरल्यावर ते काठी घालून तळ शोधत बसले.
एक काठी, तिला दुसरी बांधली, मग तिसरी.
वर काढली तेव्हा टोकाला चिखल,
चिखलाला वास हळदीचा.
तळ लागला का, आईने विचारलं.
अण्णांनी काठी धुतली,
उन्हात ठेवली.

सव्वातीन. तिसरी तोटी.
मॅडम घरी गेल्यात, पंपाची किल्ली माझ्याकडे.
वाळलेली पूड काट्यावर ठेवतो.
शेवटचा आकडा हलतोय, सात, आठ, पुन्हा सात.
पंखा बंद करतो,
काट्याचं काचेचं दार लावतो,
पेन उघडून उभा राहतो.