सूतभर

चिंचोळीच्या शेडमध्ये दिवसभर
कूलंट दुधासारखं सांडत असतं.
काचेच्या दारामागे पोलाद फिरतं
आणि मी त्याला हात लावत नाही.
हात लावायचा तो नंतर, मोजताना,
तोही पातळ मोज्यातून;
बोटाची ऊब लागली तरी शाफ्ट फुगतो.

मोजायच्या खोलीत वीस अंश, बारा महिने.
बाहेर मे, चव्वेचाळीस,
ऑपरेटर मानेवर ओला टॉवेल टाकून उभे.
सोलापुरात फक्त पोलादालाच उन्हाळा नाही.

मोनप्पा पांचाळाचं दुकान साखर पेठेत, बोळात.
मोटर कुठल्याशा बंद मागाची,
पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
पटाशी लाकडावर, डोळे भलतीकडेच,
चहावर, रस्त्यावर.
"बघायचं कशाला? ऐकलालो की मी."
बाभूळ आधी खडखडते, मग कुरकुरते,
मग एकदम गप्प होते.
गप्प झाली की गोल झाली.

एकदा मी पिशवीतून मायक्रोमीटर काढला.
बाजेचे चार पाय:
चाळीस पूर्णांक बारा,
एकोणचाळीस सदतीस,
एक्केचाळीसला थोडा कमी.
चौथा मोजलाच नाही. लाज वाटली,
कुणाची ते कळलं नाही.
"किती फरक?"
अर्धं सूत, मी म्हटलं.
"मग बाज हाललाली का?"
बसून पाहिलं. नव्हती हालत.
"पावसाळ्यात परत मोज, नीलव्वा.
आजचा आकडा तेव्हा ऱ्हाणार नाय."

सूत म्हणजे त्याच्याकडे इंचाचा आठवा भाग,
बोळातल्या बाकीच्यांकडे पोट.
त्याचे आजोबा मिलसाठी कांड्या कातायचे,
हजारांनी, सगळ्या सारख्या,
नाहीतर माग अडायचा.
तो हे सांगतो तेव्हा मी काही बोलत नाही.
सारखेपणा आमच्या शेडमध्ये जन्मला
असं मी धरून चालले होते.

श्रावणात माझा एक शाफ्ट
चार मायक्रॉन बारीक गेला.
जाड असता तर पुन्हा घासला असता.
काढलेलं परत लावता येत नाही,
एवढं एक लाकडात आणि लोखंडात सारखं.
लाल पेटी, कुलूप, माझी सही.
मग भंगार, किलोवर.

गड्ड्याच्या आठवड्यात भाच्यासाठी भोवरा आणायला गेले.
लेथचा आवाज बदललेला.
वाकून पाहिलं: जुन्या लाकडी धडात नवा कणा,
चकचकीत, टोकावर ठोकलेला आकडा.
सतराचा सात थोडा तिरका.
तो सात माझा आहे.

"दोनशेला मिळाला, अक्कलकोट रोडला.
काय माल आहे बे! थरथर गेली सगळी.
कोण येडं टाकतंय असलं?"
मी सांगितलं नाही.
बाभळीचा तुकडा माझ्या चुकीवर फिरत होता,
खडखड, कुरकुर.
चार मायक्रॉन त्यात कुठेतरी असणार.
कान लावून उभी राहिले, सापडले नाहीत.

दोन भोवरे घेतले. एक भाच्याचा.
दुसरा ग्रॅनाइटच्या टेबलावर फिरवावा असं फार वाटलं,
पण आरीने ओरखडा पडेल,
आणि तो ओरखडाही मलाच मोजावा लागेल.
चहाच्या सुट्टीत शेडच्या कोब्यावर सोडला.
उडाला, डुलला. पोरं हसली:
मॅडम, रिजेक्ट.
थांबा, मी म्हटलं,
आत्ता गप्प होईल.