चौथा धक्का

तुर्कू. रात्रीचे दहा, उजेड तसाच.
तूलिक्कीच्या पडद्यावर बोटीच्या धक्क्यांची यादी.
चौथा धक्का, म्हणजे तीन;
इथे मोजणी शून्यापासून,
बोटांना अजून पटत नाही.

तिथून एक काढ, दोन घाल.
एवढं सांगितलं की बाकीचे आपसूक सरकतात,
पंगतीत दोघे उशिरा यावेत, तसे.

काढलेलं मात्र फंक्शन टाकून देत नाही,
परत हातावर ठेवतं.
बहुतेक जण हातच पुढे करत नाहीत.

त्या बेटावर आता कुलूप लावलेलं एकच घर.
दुधाचा कॅन घेऊन ती उतरायची तिथे,
मावशीचा कुत्रा आधी भिजत यायचा.

ओळीच्या सुरुवातीला तिने एक नाव लिहिलं,
बरोबरचं चिन्ह,
आणि मग चालवली.