वाचक शिंकत नाही

खाली मिरचीच्या पथाऱ्या, नजर जाईल तिथवर लाल.
नंदुरबारात डिसेंबरात कोणी डोळे पुसत असेल
तर का म्हणून विचारायचं नाही,
वारा मार्केट यार्डाकडून आलेला असतो.

वर, खिडकीला ओला पंचा बांधून
मी बिलाच्या सॉफ्टवेअरची माहिती लिहिते आहे.
आजवर दुकानदारांसाठी लिहिली. ते उघडत नसत,
सरळ फोन करत.
माझी पुस्तिका पंख्यापुढचे कागद दाबायच्या कामी यायची.
या वेळचा वाचक निराळा.
त्याला डोळे नाहीत, आणि तो अक्षर न् अक्षर वाचतो.
त्याला एजंट म्हणतात.

हिलाल आप्पा म्हणाले, "एजंट? कोना गावना?
खेतियाना का शहादाना?"
चाळीस वर्षं मुनिमी केलेल्या माणसाचा एजंट म्हणजे
टोपी, राजदूत मोटारसायकल,
आणि रुमालाखाली बोटं धरून ठरलेला भाव.

मी लिहिते:
नाव नोंदीत असेल तसंच घे.
राजमल आणि राजमलजी ही तुझ्यासाठी दोन माणसं,
त्याच्या आईसाठी एकच.
वजन दोन तऱ्हेचं, ओलं आणि सुकं.
मधला फरक ऊन घेऊन जातं.
उन्हाच्या नावे बिल काढू नकोस.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
रिकाम्या रकान्यात कोणीतरी अजून यायचं असतं,
शून्यात येऊन गेलेलं.

एवढं लिहून चहा ठेवायला उठले.
हे मी बिलापुरतंच लिहिलं होतं.

एक ओळ मात्र घाईत गेली:
उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव.

मंगळवारी रात्री साडेनऊला लाईट गेली.
बिल गेलं, पोचलं, पोच मात्र वाटेत राहिली.
त्यानं पुन्हा पाठवलं. आणि पुन्हा.
सकाळी सेंधव्याच्या व्यापाऱ्याच्या हातात
एका गाडीची तीन बिलं,
नंबर वेगळे, पोती तीच चाळीस.
आप्पा फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला:
"तीन बिलं? त्याना घर तीन लगीन शेतस का?"

मी सगळ्या नोंदी चाळल्या. त्याची चूक सापडेना.
त्यानं माझं ऐकलं होतं, तंतोतंत,
जसं या घरात कुणी कधी ऐकलं नाही.
असा वाचक मिळावा म्हणून
कॉलेजात असताना मी कविता पाठवायचे
आणि उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवायचे.

खोडलं. नव्यानं लिहिलं:
उत्तर नाही याचा अर्थ काम झालं नाही, असा नसतो.
आधी विचार, माझं मागचं पोचलं का?
पोचलं असेल तर गप्प बैस.
निघालेलं बिल पुसता येत नाही.
त्याच्यापुढे उलट नोंद कर,
जुनं तसंच दिसू दे.

मग आप्पा स्वतःच आले, जिना चढून, धापा टाकत.
रमिला वळवी देठ खुडते, किलोवर मजुरी.
तिच्या वजनात आप्पा रोज पाव किलो जास्त धरतात,
कारण रात्री तिची बोटं पाण्यातसुद्धा जळतात.
"हाई कोठे लिखशी?"
मी रकाने दाखवले. दर, वजन, कपात, कर.
पाव किलोला जागा नव्हती.
शेवटी 'शेरा' होता. भरलाच पाहिजे असा नाही.

लिहिलं: शेऱ्यात काही असेल
तर हिशेब सुधारू नकोस. माणसाला विचार.
आप्पांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले,
"त्याले सांग पोरी, इचारानी लाज नको धरू."
तेही घातलं, जसंच्या तसं.
वाचणाऱ्याला अहिराणी येते का, ठाऊक नाही.

आप्पा उतरताना जिन्यात शिंकले.
थोडं थांबून पुन्हा एकदा.
दुसरी शिंक नवी होती
की पहिलीच परत आली,
हे तपासायची सोय अजून केलेली नाही.