यासह उघडा

मार्केट यार्ड, सांगली. हळदीची अडत.
सुकुमार आवट्यांच्या संगणकाला परवापासून भ्रम झालाय:
पट्टी उघडावी तर गाण्याचा प्लेअर उघडतो,
शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

'व्हायरस असंल,' हमाल म्हणतो.
मी उजवी कळ दाबते. गुणधर्म. बदला.

एक फाइल अक्षरांच्या खिडकीत पसरलेली,
पानंच्या पानं चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटके कंस.
नाव: आण्णा_सौदा.
'ती पुसा. खराब झालीय.'

मी आकार बघितला. चार एमबी.
अक्षरं एवढी जड नसतात.

प्लेअर निवडला. 'नेहमी'वर खूण केली.

घसा खाकरून कुणीतरी
राजापुरी हळदीचा भाव पुकारला.

हमालानं पाठीवरचं पोतं
आपसूक खाली टेकवलं.

'पट्ट्यांचं राहू दे जरा,'
आवटी म्हणाले.