वरचं पाणी

वर्धेला पूर आला की हापशीलाही माती येते.
आई मग गुंडात तुरटी फिरवते,
सात वेळा, मोजून. सातच का, तिलाही ठाऊक नाही.
झाकण ठेवते. "हात नोको लावू आता. बसू दे."

मी पगार घेते तो जवळपास याच कामाचा.
लशीतलं ॲल्युमिनियमचं मीठ, पातळ ताकासारखं,
आणि त्याच्या अंगाला चिकटलेले मदतनीस रेणू,
शरीराला हाक मारून उठवणारे.
किती चिकटले?
सोडवायला गेलं तर हट्टाने धरून बसतात.
म्हणून नळी गरगर फिरवायची,
पांढरं तळाला बसलं की
वरचं नितळ पाणी अलगद उचलायचं
आणि त्यात मोजायचं, कोण राहिलं.
घातले होते त्यातून हे वजा.

आज अंगणवाडीच्या ओट्यावर लशीचा दिवस.
मडावी सिस्टर निळ्या डब्यातून बाटली काढतात,
हलवतात, उजेडात धरतात, थांबतात.
"मांगच्या खेपेले एक बर्फाले टेकली होती.
चुन्यावानी खाली बसली भसकन. फेकून देल्ली."
माझा भाचा किंचाळतो, मग मांडीकडे बघतो,
मग सिस्टरच्या पेनाकडे.

"तू काय करतं वं तिथं?"
मी सांगते. नळी, पाणी, वजाबाकी.
"म्हंजे गेलेले मोजले का राह्यलेले समजते,"
त्या म्हणतात, आणि घरांची वही उघडतात.
आमच्या घरापुढे चार.
पाचवं नाव खोडलेलं, शेजारी बारीक अक्षरात: पुणे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
पडताळ्यासाठी तळचंही कधी विरघळवतो आम्ही,
आणि दोन्ही जोडून शंभर भरतच नाही.
अठ्ठ्याण्णव तळाला, एक पूर्णांक दोन वर.
उरलेलं काचेच्या भिंतीला लागलं असेल,
किंवा माझाच हात हलला असेल.
अहवालात त्यासाठी रकाना आहे.

वहीत कुमऱ्यांच्या घरापुढे गणपतचं नाव.
माझ्या मागच्या बाकावर बसायचा.
खोडलेलं नाही. शेजारी कुठलं गावही नाही.
"थो?" सिस्टर म्हणाल्या,
आणि मघाशीच हलवलेली बाटली पुन्हा हलवली.

संध्याकाळी आईने वरचं पाणी ओतून घेतलं.
तळाला बोटभर गाळ, तो जास्वंदीला.
रिकाम्या गुंडात हात घालून
मी आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं.
पितळेवर कुठेतरी
बारीक खरखर लागली.