निळ्या रेषेच्या आत

नकाशावर पंचगंगा दोनदा काढलेली असते:
एकदा आहे तशी,
एकदा येते तशी.
मधल्या पट्ट्यात घर नाही, दुकान नाही,
कंपाऊंडची भिंतसुद्धा नाही.
म्हणून साहेब म्हणाले, बाग करू.
लोकांना बसायला. पाण्याला जायला.

मी झाडं काढली, साच्यातून, एकेक वर्तुळ.
बाकडी सिमेंटची, जमिनीत दोन फूट पुरलेली.
झोपाळ्याच्या साखळ्या हुकावरच्या,
मे संपला की काढून गोदामात.
चालायचा रस्ता मुरमाचा,
तोही दर वर्षी नव्यानं टाकायचा, असं टिपेत लिहिलं.
संडास मात्र वर, लाल रेषेच्या पलीकडं,
पावणेतीनशे पावलं. मी मोजली.

हरकतींच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये
पंखा एकच चालू होता.
रियाज शिकलगार म्हणाला, ग्राउंड द्या,
गोलपोस्ट निघणारे करा, आम्हीच उचलू.
गाळ बसला की पाय चांगला पडतो,
आणि आमचा सीझन तसाही दिवाळीनंतरचा.

धोंडीराम गवळ्याचं वेगळंच.
"म्हशी पाण्यावर जायची वाट
तुमच्या त्या झोपाळ्यातनं जाती.
म्हशीला नकाशा कळत न्हाई, आन् मला बी."
हॉल हसला.
मी वाट मोजून घेतली: बारा फूट,
शेजारी शेजारी दोन म्हशी
आणि मागं शिव्या देत एक माणूस.

मालूताई कोरवी शेवटी उठल्या.
त्यांचं घर याच पट्ट्यात होतं.
दोन पुरांनंतर त्यांना वर माळावर नेलं,
तिसऱ्या मजल्यावर.
मी घरूनच ठरवून आले होते:
त्यांच्या चुलीच्या जागी एक बाकडं.
दाखवलंसुद्धा, बोट ठेवून.

त्यांनी कागद फिरवून बघितला,
चष्मा नव्हताच.
"बसून काय करू मी तितं?
माझ्या दारातला नळ हाय का बघा.
सतरा वर्सं खेटं घालून मिळाल्याला.
त्यो तेवढा तोडू नगा.
खेळून दमल्याली पोरं पितील."

निळ्या रेषेच्या आत नळाला परवानगी आहे का,
हे शोधायला दोन दिवस गेले.
नाही, असं कुठं लिहिलेलं नाही.
आहे, असंही नाही.
मी एक बारका ठिपका दिला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, पिण्याचं पाणी.
ते बराच वेळ कागदावरच्या दोन नद्यांकडं बघत राहिले.
मग सही केली, तारीख न घालता.

आता जुलै.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट.
साखळ्या गोदामात आल्या,
गोलपोस्ट तालमीच्या माळ्यावर चढले,
म्हशी रस्त्यावर, दुभाजकाला बांधलेल्या.
पुलावर गर्दी आहे पाणी बघायला,
तीही करमणूकच, फुकटची,
आमच्या आराखड्यात न धरलेली.

मी कठड्याला टेकून अंदाज घेते:
ते जांभळाचं शेंडं, त्याच्या डावीकडं,
तपकिरी पाण्याखाली कुठंतरी तो नळ.
तोटी बंद केली होती का मी,
तेवढं आठवत नाही.